युद्धाचा खर्च आणि हिशेबाचा हक्क

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शिरपुरावरून आग्रा रोड जातो आणि पुढे पळासनेरपाशी महाराष्ट्राची हद्द ओलांडून सेंधव्याकडे निघून जातो. देशाची कोणतीही सीमा येथून शेकडो कोस दूर आहे.  तरीही देशाने लढलेल्या प्रत्येक युद्धाचा वाटा शिरपुराने भरलेला आहे. कधी तो सैन्यात गेलेल्या तरुणांच्या रूपाने भरला गेला, कधी घासलेटच्या चढ्या दराने, कधी शेतसाऱ्यावरच्या सक्तीच्या ठेवीने, तर कधी सोनाराच्या विझलेल्या शेगडीने. ज्याने खर्च भरला त्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो, हा बाजारपेठेतला साधा व्यवहार आहे. परंतु खर्च युद्धाचा असला की हा व्यवहार उलटा होतो. हिशेब मागणारा संशयित ठरतो आणि पैसे खर्च करणारा देशभक्त.

युद्ध चालू असताना त्याच्या खर्चाबद्दल बोलावे की नाही, हा वाद या देशात नवा नाही. प्रत्येक लढाईच्या वेळी तो उद्भवतो, तोफा थंडावल्या की विसरला जातो आणि पुढच्या लढाईत पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होतो. म्हणूनच मागचा इतिहास एकदा नीट डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.

परक्यांचे युद्ध, रयतेची भाकरी

१९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला त्यांनी जे भाषण केले त्याचा आशय सरळ होता : इंग्रजांच्या युद्धाला माणसे देणे किंवा पैसा देणे चूक आहे. हेच विनोबा आठ वर्षांपूर्वी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देत होते आणि साने गुरुजी ती उतरवून घेत होते. ज्या गीतेचा प्रारंभच रणभूमीवर होतो तिचा हा भाष्यकार युद्धखर्चाला नकार देणारा पहिला सत्याग्रही ठरावा, याचा खानदेशातील कार्यकर्त्याने अवश्य विचार करावा.

सत्याग्रहींना तुरुंगात टाकता आले. परंतु त्यांनी जे भाकीत केले ते चुकले नाही. ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि सेवा घेतल्या आणि त्यांच्या बदल्यात लंडनमध्ये पौंडांची जमा दाखवली. युद्ध संपेपर्यंत ही जमा सुमारे १,७०० कोटी रुपयांपर्यंत गेली होती. येथे मात्र त्या पौंडांच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या. नोटा वाढल्या, माल घटला आणि भाव भडकले. ज्या खानदेशने पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवला, तेथील कष्टकरी बाईला अंगभर लुगडे मिळणे कठीण झाले, कारण गिरण्यांतले कापड सैन्याच्या मागणीकडे वळले होते आणि उरलेले काळ्या बाजारात होते. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. कराची पावती कोणालाही मिळाली नाही, पण कर मात्र सर्वांनी भरला. महागाई हा असा कर आहे की तो विधिमंडळात संमत करून घ्यावा लागत नाही आणि तो सर्वांत आधी भूमिहीनाच्या ताटातून वसूल होतो.

१९६३ : सोनार आणि कंपनी

स्वातंत्र्यानंतरचे युद्ध अर्थातच परक्यांचे नव्हते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. त्या दिवसांत देशभर लोकांनी जे दिले ते आठवले की आजही मान ताठ होते. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. ३ नोव्हेंबरला मालक आणि कामगार संघटनांनी औद्योगिक शांततेचा ठराव केला. कामगारांनी तो पाळला, १९६३ साली संपांमुळे वाया जाणारे दिवस घटले. जनतेने आपले कर्तव्य केले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

प्रश्न उद्भवला तो १९६३ च्या फेब्रुवारीत. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपयांची तरतूद केली. आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून ती अधिक होती. देशाचा मानभंग झालेला असताना इतका खर्च नको असे कोणीही म्हटले नाही, आणि म्हणणे योग्यही झाले नसते. परंतु हा पैसा कोणाकडून यावयाचा ? घासलेटवरील अबकारी कर वाढवण्यात आला. ज्या गावांत विजेचा खांबही पोचलेला नव्हता, जेथे संध्याकाळी पेटणारी चिमणी हाच एक उजेड, त्या सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल पाड्यांनी हिमालयाच्या संरक्षणाचा खर्च दिव्याच्या वातीतून भरला. सक्तीची ठेव योजना आली आणि शेतसारा भरणारा शेतकरी, छोटा दुकानदार, पगारदार हे सारे तिच्या जाळ्यात ओढले गेले.

त्याआधीच जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचा नियम आला होता. १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यास बंदी झाली. सोन्याची चोरटी आयात थांबावी आणि परकीय चलन वाचावे हा त्यामागचा हेतू होता आणि तो वाईट होता असे म्हणता येणार नाही. पण चोरटी आयात करणारे बडे व्यापारी कोण आणि नियमाखाली भरडले गेलेले कोण ? जळगावपासून शिरपुरापर्यंत प्रत्येक बाजारगावात शेगडी, फुंकणी आणि हातोडी एवढ्या भांडवलावर संसार चालवणारा सोनार होता. लग्नसराईच्या तोंडावर त्याचे काम थांबले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ज्या कुटुंबाने नोव्हेंबरात संरक्षण निधीला सोने दिले असेल, त्याच कुटुंबाच्या चुलीवर जानेवारीत पाणी पडले.

आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. त्याच अर्थसंकल्पात मोठ्या कंपन्यांच्या अतिरिक्त नफ्यावर नवा कर बसवला होता. भांडवलदारांनी ओरड केली आणि १९६४ साली तो कर रद्द होऊन त्याच्या जागी अधिक सौम्य असा अधिकर आला. कंपन्यांची सुटका वर्षभरात झाली, सोनाराला १४ कॅरटच्या बंधनातून पूर्णपणे सुटायला १९६६ साल उजाडावे लागले. युद्धाचा भार सर्वांनी सारखा उचलावा असे व्यासपीठावरून सांगितले जाते. तो सारखा उचलला जात नाही. ज्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोचतो त्याच्या खांद्यावरून तो लवकर उतरतो.

तीन आण्यांचा प्रश्न

हे सारे बोलण्याची हिंमत त्या काळात ज्यांनी दाखवली त्यांच्यात डॉ. राममनोहर लोहिया अग्रभागी होते. मे १९६३ मध्ये फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले. ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेतील हा पहिलाच असा ठराव. त्या चर्चेत लोहियांनी विचारले की देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगत असताना पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये कसे खर्च होतात ? नेहरूंनी हा आकडा तीन नसून पंधरा आणे असल्याचे सांगितले, नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा साडेसात आण्यांवर आले. सरासरीच्या आड गरिबाची उपासमार लपवता येते, ही गोष्ट त्या वादाने सबंध देशाला शिकवली.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. लोहिया हे शस्त्रत्यागाचे पुरस्कर्ते म्हणून बोलत नव्हते. तिबेट चीनने गिळला तेव्हापासून हिमालयाच्या संरक्षणाकडे दुर्लक्ष होत असल्याबद्दल सरकारला कठोर शब्दांत सुनावणाऱ्यांत ते होते. सीमा मजबूत हवी आणि सीमेच्या आतला माणूसही उभा राहण्याइतका मजबूत हवा, या दोन मागण्या त्यांच्या लेखी एकच होत्या. समाजवाद्यांना देशाच्या संरक्षणाची चाड नाही असा आरोप ज्यांना करावयाचा असेल त्यांनी ही कामकाजाची पाने आधी वाचावीत.

अविश्वासाचा ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. मग या चर्चेने साधले काय ? त्याच वर्षी बहुसंख्य लोकांना सक्तीच्या ठेव योजनेतून वगळण्यात आले आणि सुवर्ण नियंत्रणाच्या जाचक अटी शिथिल होण्यास प्रारंभ झाला. मोरारजीभाईही कामराज योजनेखाली मंत्रिमंडळातून बाहेर पडले. मतमोजणीत हरलेला प्रश्न घराघरांत जिंकला होता.

महाराष्ट्रात तर हा प्रश्न विचारणे अधिकच अवघड होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला ही भावना मराठी मनात घर करून बसली. ती खोटी नव्हती. पण अशा भावनेचा एक परिणाम असा होतो की संरक्षण खात्याला विचारलेला प्रश्न हा मराठी माणसाच्या अभिमानाला विचारलेला प्रश्न वाटू लागतो. चव्हाणांच्याच कारकिर्दीत पराभवाची चौकशी होऊन हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल तयार झाला. सप्टेंबर १९६३ मध्ये त्याचा सारांश तेवढा संसदेला सांगितला गेला. साठ वर्षे उलटून गेली, पण तो अहवाल कोणत्याही पक्षाच्या सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. ज्या जवानांना पुरेशा गरम कपड्यांवाचून बर्फात उभे केले गेले, त्यांच्या मुलांचेही केस आता पांढरे झाले.

दोन आक्षेप

हिशेबाला विरोध करणाऱ्यांचे दोन आक्षेप गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला असा की चर्चेमुळे शत्रूला माहिती मिळते. कोणत्या टेकडीवर किती तोफा आहेत हे गुप्तच राहिले पाहिजे, याविषयी वाद नाही. परंतु घासलेटवर किती कर बसला, कोणत्या ठेकेदाराला काय भावाने काम मिळाले आणि निधीत जमलेला पैसा कोठे गेला, यांत शत्रूला उपयोगी पडणारे काहीच नाही. या गोष्टी लपवल्या जातात त्या स्वतःच्या जनतेपासून. फेब्रुवारी २०१९ मध्ये राफेल विमानांविषयीचा महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला तेव्हा त्यातील किमतींचे आकडे झाकलेले होते. विमान कसे लढते हे गुप्त असावे. ते केवढ्याला पडले हेही गुप्त असावे, याचे समर्थन अधिक कठीण आहे.

दुसरा आक्षेप असा की अशा प्रश्नांनी सैन्याचे मनोधैर्य खचते. याला इतिहासात आधार सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सिनेटने १९४१ मध्ये हॅरी ट्रुमन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि युद्ध संपेपर्यंत ती ठेकेदारांच्या गैरव्यवहारांची झडती घेत राहिली. ब्रिटनने युद्ध चालू असताना जादा नफ्यावर शंभर टक्के कर बसवला. दोन्ही देश युद्ध जिंकले. आपल्याकडेही नोव्हेंबर १९६२ मध्ये लढाई चालू असताना संसद भरली आणि १६५ सभासद बोलले. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, २००० साली संसदेपुढे ठेवला गेला. तेव्हा संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. डिसेंबर २००१ मध्ये कारगिलच्या खरेदीवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, फर्नांडिस यांच्यावरच आरोपांची झोड उठली आणि त्याच महिन्यात सैन्य सीमेवर तैनात झाले. तेथे ते दहा महिने उभे राहिले. संसदेतल्या प्रश्नांनी कोणाचीही बंदूक खाली आली नाही. जवानाचे मनोधैर्य खचते ते निकृष्ट बूट आणि अपुरा दारूगोळा हाती आल्यावर.

या बाबतीत समाजवादी बाजूनेही एक सवय सोडली पाहिजे. एका रणगाड्याच्या किमतीत किती शाळा झाल्या असत्या, हे गणित सभेत टाळ्या मिळवते. पण आक्रमण दारात असताना त्या गणिताला उत्तर नसते, आणि समोरचा श्रोता ते ऐकून मनातल्या मनात दूर जातो. रणगाडा हवा की शाळा, असा प्रश्न घालण्याऐवजी रणगाड्याचे पैसे कोणी द्यायचे, ते कोणी मोजायचे आणि युद्धासाठी घेतलेले अधिकार केव्हा परत करायचे, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांना बगल देणे कोणत्याही सरकारला सोपे नाही.

अधिकार परत येत नाहीत

तिसरा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. चीनशी झालेली लढाई महिनाभर चालली, पण तिच्यासाठी पुकारलेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. ३ डिसेंबर १९७१ रोजी पुकारलेली आणीबाणी तेरा दिवसांचे युद्ध संपल्यावरही चालू राहिली आणि १९७७ च्या मार्चपर्यंत उठली नाही. १९७१ साली देशाच्या सुरक्षिततेच्या नावाखाली केलेला मिसा कायदा १९७५ साली कोणावर चालला, हे समाजवादी चळवळीतल्या कोणालाही सांगावे लागत नाही. युद्धाचा खरा खर्च रुपयांत मोजून संपत नाही. गमावलेले स्वातंत्र्य हीही त्यातली एक मोठी रक्कम आहे.

१९७१ च्या त्याच हिवाळ्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बांगलादेशातून सुमारे एक कोटी निर्वासित आले आणि टपालाच्या पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे भाग पडले. लोकांनी ते कुरकुर न करता लावले. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, ३० जानेवारी १९७२ रोजी, शिरपूरच्या शेजारच्या शहाद्याला अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमुक्ती मेळावा भरवला. दुसऱ्याचा देश मुक्त केल्याचा आनंद साऱ्या देशात असताना आपली हिरावलेली जमीन मुक्त करा, असे आदिवासी म्हणत होते. त्यांना देशद्रोही म्हणणारे तेव्हाही होते. पण त्यांनी मागितले ते एवढेच : ज्या देशासाठी सर्वांनी त्याग केला त्या देशात आपलाही वाटा असावा.

पुढच्याच वर्षी महाराष्ट्रावर दुष्काळाचा घाला आला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या संकटातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना रुजली. तिच्यासाठी १९७५ साली नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुरीला पैसा द्यावयाचा, हे महाराष्ट्राने करून दाखवले. संकटाचा खर्च ऐपतीप्रमाणे वाटता येतो, याचा पुरावा त्यासाठी परदेशात शोधावा लागत नाही.

आजचा हिशेब

मे २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवसांची लढाई झाली. विरोधी पक्षांनी संसदेचे खास अधिवेशन मागितले, ते मिळाले नाही. चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस, पावसाळी अधिवेशनात. १९६२ साली शत्रू देशाच्या आत घुसलेला असताना जे शक्य झाले ते २०२५ साली अशक्य का ठरले, याचे उत्तर दिले गेलेले नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यातले सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. हा निवृत्तिवेतनाचा भार फार झाला, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली : चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांतल्या एकाला कायम जागा आणि बाकीच्या तिघांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवणे, निवृत्तिवेतन नाही. पहाटे आग्रा रोडच्या कडेने धावण्याचा सराव करणाऱ्या पोरांना हे चांगले ठाऊक आहे. खर्चात काटकसर करण्याची वेळ आली तेव्हा हिशेबाची पहिली कात्री शिपायावर चालली. १९६३ साली सोनारावर चालली होती तशीच.

याच्या जोडीला एक विसंगती लक्षात घ्यावी. रोजगार हमीवरच्या मजुराकडून या राज्याने हजेरीपट मागितला, टाकलेल्या मातीचे माप मागितले आणि गावासमोर कामाचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा नियमही केला. मजुराच्या घमेल्याचा हिशेब चावडीवर वाचला जावा, हे योग्यच आहे. मग तोफांच्या खरेदीचा हिशेब संसदेत वाचला जावा, ही मागणी देशविरोधी कशी ठरते ?

पुढची लढाई होऊच नये अशीच सर्वांची इच्छा असणार. पण ती झाली, तर चौकात ध्वज लागतील, निधी गोळा होईल आणि त्या उत्साहात कार्यकर्त्याने मागे राहता कामा नये. मात्र निधीची पावती फाडताना त्याने पावतीपुस्तकाचा हिशेबही मागावा. कर कोणावर बसला आणि कोणाचा उतरला हे गावात सांगावे. युद्धकाळासाठी घेतलेला प्रत्येक अधिकार कोणत्या तारखेला परत मिळणार, हे आमदार-खासदारांना जाहीर सभेत विचारावे. युद्ध संपल्यावर हे प्रश्न विचारणे सोपे असते आणि म्हणूनच निरुपयोगी असते. ते विचारण्याची वेळ घासलेटचा दर चढतो त्या दिवशीच असते.